49 वेळा हरलेला घोडा नावाची थाप

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुप्रभातासोबत एक मजकूर आला. उगवत्या सूर्यासमोर उधळलेला एक पांढराशुभ्र घोडा आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेले की, जपानमधला स्टे गोल्ड नावाचा घोडा 49 वेळा हरला, सारे जग त्याला हसले, पण त्याने जिद्द सोडली नाही आणि 50व्या शर्यतीत तो जगज्जेता झाला. मग तुम्ही एकदोन अपयशांनी का खचता? त्याखाली हात जोडलेल्यांची आणि अंगठे दाखवणाऱ्यांची रांग लागलेली. स्टे गोल्ड पांढरा नव्हता, गडद तपकिरी होता, ही त्यातली सर्वांत किरकोळ चूक आहे. बाकीच्या मजकुरासाठी मात्र ही पोस्ट लिहावीच लागत आहे, कारण गटावर एवढे लिहिले असते तर पाण्याच्या टँकरचा निरोप खाली गेला म्हणून माझ्यावरच सगळे चिडले असते.

स्टे गोल्ड 50 शर्यती धावला हे खरे आहे. त्यांपैकी 7 जिंकला, आणि पन्नासावी ही सातवी होती, पहिली नव्हे. डिसेंबर 1996 मध्ये तो पहिल्यांदा धावला, 1997 मध्ये तीन लहान शर्यती जिंकला, त्यांतली शेवटची म्हणजे सप्टेंबरमधली सापोरोची आकान्को विशेष शर्यत, आणि त्यानंतर मे 2000 पर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आसपास, त्याच्या नावावर एकही विजय लागला नाही. या काळात तो काय करत होता, हे त्या मजकुरात येणे शक्यच नव्हते. तो जपानमधल्या सर्वांत मोठ्या शर्यतींत देशातल्या सर्वोत्तम घोड्यांच्या मागे दुसरा किंवा तिसरा येत होता. 1998 च्या वसंतातल्या तेन्नो शो शर्यतीत क्योतोच्या 3200 मीटरवर मेजिरो ब्राइटमागे दुसरा, त्याच उन्हाळ्यात ताकाराझुका किनेनमध्ये सायलेन्स सुझुकामागे दुसरा, शरदातल्या तेन्नो शोमध्ये ऑफसाइड ट्रॅपमागे दुसरा, वर्षअखेरच्या आरिमा किनेनमध्ये तिसरा. पुढच्या वर्षी ताकाराझुकामध्ये ग्रास वंडर आणि स्पेशल वीक यांच्यामागे तिसरा आणि पुन्हा शरदातल्या तेन्नो शोमध्ये स्पेशल वीकमागे दुसरा. याला जर कुणी हरणे म्हणत असेल, तर मेरिट लिस्टमध्ये दुसऱ्या आलेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याचे सांत्वनही करून यावे.

आणि जग त्याला हसले, हे कुणी सांगितले? मी 2000 साली टोकियोमध्ये एका कंपनीत दुभाषी म्हणून काम करत होते. पुण्यात जपानी शिकलेल्या आमच्या पिढीतल्या अनेकींनी ते केले आहे. आमच्या विभागात निवृत्तीकडे झुकलेले एक सहकारी होते, अतिशय मितभाषी, बैठकीत तीन वाक्यांपेक्षा जास्त न बोलणारे, त्यामुळे दुभाषीचे कष्ट वाचवणारे. ते स्टे गोल्डच्या प्रत्येक शर्यतीला त्याच्यावर 100 येनचे एक तिकीट घेत असत, आणि ते विनचे, प्लेसचे नव्हे. ज्यांना रेसकोर्सची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते: विनचे तिकीट घोडा पहिला आला तरच लागते, प्लेसचे पहिल्या तिघांत आला तरी लागते. सदैव दुसऱ्या-तिसऱ्या येणाऱ्या घोड्यावर शहाणा माणूस प्लेसचेच तिकीट घेईल. मी त्यांना तसे सुचवलेही. ते म्हणाले की तो पहिला येण्यासाठी धावतो, तेव्हा तिकीटही पहिल्याचेच घेतले पाहिजे. या उत्तरावर मी तेव्हा मनातल्या मनात हसले होते, पण ते हसणे त्या माणसाच्या हिशेबाला होते, घोड्याला नव्हे. घोड्याला कुणी हसत नव्हते. त्याच्या नावापुढे प्रमुख विजय म्हणून आकान्को विशेष एवढेच छापून येते, याची तिथे थट्टा होत असे, पण ती घरातल्या माणसाची करावी तशी.

1 नोव्हेंबर 1998 च्या शरद तेन्नो शोविषयी याच सहकाऱ्यांनी मला एकदा सांगितले होते. त्या दिवशी सायलेन्स सुझुका नेहमीप्रमाणे बाकीच्यांना खूप मागे टाकून एकटा पुढे धावत होता आणि चौथ्या वळणाच्या अलीकडे त्याचा पुढचा डावा पाय मोडला. त्याला वाचवता आले नाही. हे सहकारी स्टँडमध्ये होते, आणि शर्यतीत दुसरा कोण आला, हे त्यांना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळले, जरी त्यांच्या खिशात त्याच घोड्याचे तिकीट होते. (घोड्यांच्या शर्यती हा क्रूर खेळ आहे, असे कुणी लिहिणार असेल तर त्या दिवसापुरते ते मला मान्य आहे. पुढे चला.)

आता जिद्दीविषयी, कारण माझा खरा राग तिथे आहे. स्टे गोल्ड जिद्दी होता, हे ठरवणाऱ्याने त्याची तिसरी शर्यत वाचलेली नाही. फेब्रुवारी 1997 मध्ये क्योतोला चौथ्या वळणावर वळण्याऐवजी तो सरळ बाहेरच्या कठड्याच्या दिशेने गेला, जॉकी शिगेफुमी कुमाझावा यांना त्याने पाठीवरून फेकले आणि शर्यत तिथेच सोडून दिली. त्याला पुन्हा शर्यतीत उतरवण्यापूर्वी फेरपरीक्षा द्यावी लागली. अंगाने तो लहान, वजन साधारण 430 किलो, आणि स्वभावाने असा की रित्तोच्या तबेल्यात ट्रेनर यासुओ इकेए यांच्या माणसांना त्याच्याजवळ जाताना दहादा विचार करावा लागे; मांस दिले तर तेही खाईल, असे त्याच्याविषयी म्हणत. अंतिम सरळ पट्ट्यात वेगात आला की तो एका बाजूला कलायचा आणि त्यात त्याचे अंतर वाया जायचे. यात तुम्हाला सूर्योदयाखाली लिहिण्याजोगे काय दिसते? त्याने कधीही कुणासाठी हार मानणे किंवा न मानणे ठरवलेले नाही. तो घोडा होता. त्याला धावायला नेले तेव्हा तो धावला, मनात आले तेव्हा जोरात धावला, मनात आले नाही तेव्हा चावला. त्याच्या तोंडी आपली महत्त्वाकांक्षा घालून ती रांगेने फॉरवर्ड करणाऱ्यांना खरे तर मोतद्दार म्हणून एक आठवडा त्याच्या पागेत पाठवायला हवे होते.

शनिवार, 20 मे 2000. फुचूच्या टोकियो रेसकोर्सवर पाऊस होता आणि मेगुरो किनेन ही 2500 मीटरची, दुसऱ्या श्रेणीची शर्यत होती. त्या सहकाऱ्यांनी मला बरोबर नेले होते, कारण मी जपानमध्ये राहून अजून घोडा पाहिलेला नाही, हे त्यांना पटत नव्हते. ही स्टे गोल्डची 38वी शर्यत. तो जिंकला. मी शर्यतींची जाणकार नव्हते, पण पावसाळी शनिवारच्या एका मधल्या दर्जाच्या शर्यतीला एवढ्या टाळ्या पडत नसतात, हे कळण्यासाठी जाणकार असण्याची गरज नव्हती. छत्र्या खाली ठेवून माणसे टाळ्या वाजवत होती. आमचे सहकारी टाळ्या वाजवत नव्हते. ते तिकिटाकडे पाहत होते, ते नीट पाकिटात ठेवत होते, आणि मला म्हणाले की चला, भूक लागली असेल. मी म्हटले, अहो, पैसे घेऊन या आधी, खिडकी समोरच आहे. ते घेणार नाहीत, हे लक्षात आल्यावर मी त्यांना हेही सांगितले की साठ दिवसांत पैसे घेतले नाहीत तर तिकीट रद्द होते. ते म्हणाले की हो, माहीत आहे. पैसे घ्यायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

त्या दिवशी पाठीवर युताका ताके होते, आणि इथे मला थोडे कडवट लिहावे लागेल. या घोड्याची बहुतेक वर्षे कुमाझावा यांनी काढली होती. त्याने फेकले, तेही त्यांनाच. शेवटी कलणाऱ्या घोड्याला आवरत दुसऱ्या क्रमांकापर्यंत बहुतेक वेळा आणले, तेही त्यांनीच. 1991 च्या आरिमा किनेनमध्ये दाइयुसाकू या कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या घोड्यावर मेजिरो मॅक्वीनला हरवणारे हेच कुमाझावा. पण विजय येईना म्हणून जॉकी बदलला आणि पहिल्याच शर्यतीत विजय आला, आणि आता इतिहासात छायाचित्र ताकेंचे आहे. ताके हे जपानचे सर्वांत मोठे जॉकी आहेत आणि त्या दिवशी त्यांनी घोडा उत्तम चालवला, हे मान्य करावेच लागते. (1999 मध्ये याच स्टे गोल्डला दुसऱ्या क्रमांकावर ठेवणाऱ्या स्पेशल वीकवरही तेच होते, हे मात्र मी विसरणार नाही.)

पुढचे वर्ष, 2001, हे त्या मजकुरात शेवटच्या शर्यतीपुरतेच आहे. जानेवारीत तो क्योतोला निक्केई शिंशुन हाइ जिंकला. 24 मार्चला, म्हणजे त्याच्या सातव्या वाढदिवशी, दुबईच्या शीमा क्लासिकमध्ये त्याने फँटॅस्टिक लाइटला नाकाच्या अंतराने मागे टाकले, आणि हा फँटॅस्टिक लाइट म्हणजे त्याच वर्षी आयर्लंडमध्ये गॅलिलिओला हरवणारा आणि अमेरिकेत ब्रीडर्स कप टर्फ जिंकणारा घोडा. ऑक्टोबरमध्ये क्योतो दाइशोतेनमध्ये तो सर्वांत पुढे येऊनही दुसऱ्या घोड्याला अडथळा केल्याबद्दल बाद ठरला. तोच कलण्याचा दोष. मग 16 डिसेंबरला हाँगकाँगच्या शातिनमध्ये, 2400 मीटरच्या हाँगकाँग व्हाजमध्ये, फ्रँकी डेट्टोरी यांचा एक्रार सरळ पट्ट्यात बराच पुढे निघून गेलेला असताना स्टे गोल्ड पुन्हा उजवीकडे कलला, ताकेंनी त्याला सरळ केले आणि अगदी शेवटच्या ढांगांत त्याने एक्रारला डोक्याच्या अंतराने गाठले. हीच ती पन्नासावी शर्यत; पहिल्या श्रेणीची त्याची ही विसावी शर्यत आणि पहिला विजय. जपानमध्ये जन्मलेल्या आणि तिथेच तयार झालेल्या घोड्याने परदेशात पहिल्या श्रेणीची शर्यत जिंकण्याचीही ही पहिलीच वेळ. त्याच दिवशी हाँगकाँगमध्ये जिंकलेले आग्नेस डिजिटल आणि एइशिन प्रेस्टन हे दोघेही अमेरिकेत जन्मलेले होते.

मायदेशात मात्र तो पहिल्या श्रेणीची एकही शर्यत जिंकला नाही. ठीक आहे, नाही जिंकला.

सोमवारी कार्यालयात मी त्या सहकाऱ्यांना विचारले की हाँगकाँगच्या शर्यतीचे तिकीट कुठे आहे. तिकीट नव्हतेच. परदेशातल्या शर्यतींवर जपानमध्ये तेव्हा पैसे लावता येत नसत. ती सोय 2016 मध्ये आली. म्हणजे जो माणूस पावणेतीन वर्षे न चुकता 100 येन देत राहिला, त्याला घोड्याच्या दोन सर्वांत मोठ्या विजयांचे तिकीट मिळण्याची शक्यताच नव्हती. मी त्यावर हळहळले, तर त्यांना त्याचे काहीच वाटत नव्हते. पागेत परतल्यावर घोड्याने कुणाला चावा घेतला का, हे कुठे छापून आले आहे का, एवढीच त्यांची चौकशी होती. यापेक्षा त्या घोड्याला अधिक नीट ओळखलेला माणूस मला भेटलेला नाही, आणि सोसायटीच्या गटावर अर्थातच तो नाही.

स्टे गोल्ड 5 फेब्रुवारी 2015 रोजी गेला, 21 वर्षांचा होऊन. पण त्याच्यानंतर जे झाले, ते पाहून त्या मजकूरवाल्यांना आपला उपदेश कुठे ठेवावा हे कळणार नाही. त्याच्या मुलांचेच पाहा: ड्रीम जर्नीने 2009 मध्ये ताकाराझुका आणि आरिमा दोन्ही जिंकल्या, म्हणजे वडिलांना न मिळालेल्या त्याच दोन शर्यती. फेनोमेनोने वसंतातली तेन्नो शो सलग दोनदा, 2013 आणि 2014 मध्ये जिंकली. गोल्ड शिप पहिल्या श्रेणीच्या सहा शर्यती जिंकला आणि मनात नसले की गेटमधून निघायलाच तयार नसायचा. ओर्फेव्हर 2011 मध्ये तिहेरी मुकुटाचा, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यतींचा, मानकरी झाला आणि तिसरी शर्यत जिंकून झाल्याझाल्या त्याने जॉकी केनइची इकेझोए यांना खाली पाडले. त्याचे ट्रेनर होते यासुतोशी इकेए, यासुओ यांचे चिरंजीव, म्हणजे स्वभावाची वंशपरंपरा पागेत दोन्ही बाजूंनी पोहोचलेली. पॅरिसच्या आर्क द त्रिओंफ या शर्यतीत जपानी घोड्याला पहिला क्रमांक मिळावा म्हणून तो देश कित्येक दशके वाट पाहत आहे. तिथे 2010 मध्ये दुसरा आलेला नाकायामा फेस्टा हा स्टे गोल्डचा मुलगा, आणि 2012 व 2013 मध्ये दुसरा आलेला ओर्फेव्हर हाही त्याचाच. 2012 मध्ये तर ओर्फेव्हर सरळ पट्ट्यात स्पष्ट पुढे होता आणि मग आत कलला, थेट कठड्यापर्यंत, आणि सोलेमियाने त्याला शेवटी गाठले. ते चित्रीकरण ज्यांनी पाहिले असेल त्यांना तो कलणारा देह कुणाचा आहे, हे सांगावे लागणार नाही.

उद्या सकाळी कुणी ओर्फेव्हरचे चित्र टाकून त्याखाली अपयशाविषयी दोन ओळी लिहिल्या, तर मी गट सोडणार आहे. पाण्याच्या टँकरचे तुम्ही मला फोन करून कळवा.