सनद, बायोडेटा आणि नोकरीची हमी: तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार वकीलसाहेब,

कोर्टातली वकिली सोडून कंपनीच्या नोकरीत जाणाऱ्या वकिलांना आम्ही सल्ला देतो; आमच्या या कामाला रिव्ह्यूत एकच तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. फी घेऊनही आम्ही नोकरी लावून दिली नाही, बायोडेटातून तुमच्या गाजलेल्या मॅटर्स (खटले) काढायला लावल्या, आणि ऑफर हातात असताना सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, मुद्दा काढून तुम्हाला घाबरवलं, त्यात रुजू व्हायला उशीर झाला. तुमची किंवा त्या कंपनीची ओळख पटेल असं मी इथे काही लिहिणार नाही. पण ठाणे आणि बेलापूर कोर्टातले अनेक वकील इथे वाचायला येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सनद, कारण त्या बाबतीत आम्ही मागे हटणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलांसाठी नियम करणारी संस्था, तिच्या नियम 49 प्रमाणे वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की राज्य बार कौन्सिलला कळवायचं आणि ती असेपर्यंत वकिली थांबवायची. पद लीगल मॅनेजरचं आहे, काम कायद्याचंच आहे, म्हणून सूट मिळत नाही. हिमाचल प्रदेशात वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्याची वकील म्हणून झालेली नोंदणी रद्द झाली होती, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. एचआरवाले तुम्हाला म्हणाले, ‘सनद राहू द्या, आम्हाला काही अडचण नाही.’ त्यांना अडचण येणारच नाही. उद्या तक्रार झाली तर शिस्तपालन समितीसमोर तुम्हाला उभं राहावं लागेल, आणि नाव वकिलांच्या पटावरून काढून टाकण्यापर्यंतचा अधिकार त्या समितीला आहे. हे माहीत असून मी गप्प बसले असते तर तुमची फी घेण्याचा मला हक्क उरला नसता.

सनद जमा करायची म्हटल्यावर पोटात गोळा येतो, हे मी रोज समोर बघते. घरातली पहिली सनद असेल तर जास्तच. पण स्थगिती, म्हणजे स्वतःहून वकिली तात्पुरती थांबवणं, म्हणजे सनद गेली असं नाही. मूळ सनद जोडून रजिस्टर पोस्टाने बार कौन्सिलला कळवायचं. पुढे परत कोर्टात यायचं ठरलं की अर्ज करायचा, आणि मधल्या काळात कायद्याने अपात्र ठरवणारं काही घडलं आहे का याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. वाट खुली राहते.

उशीर झाला तो मुख्यतः चालू मॅटर्समुळे. उलटतपास अर्धवट असताना वकिलाने सोमवारपासून येत नाही म्हटलं तर पक्षकाराने कुणाकडे बघायचं? योग्य कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना असल्याशिवाय घेतलेलं काम सोडता येत नाही, आणि न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. हेही नियमांतच आहे. म्हणून कुठली मॅटर कोणत्या टप्प्यावर आहे, वकीलपत्र कोण घेणार, कागद कुणाच्या ताब्यात द्यायचे, हे आम्ही ऑफर येण्याआधीच लिहून काढायला सांगतो. त्या कामाला वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा.

आता बायोडेटा. खटल्यांची यादी काढायला सांगितली तेव्हा तुम्हाला अपमान वाटला. त्या यादीमागे किती वर्षं गेली आहेत याची मला पूर्ण जाणीव आहे. पण तिच्यात पक्षकारांची नावं होती, त्यांच्या घरगुती भानगडी होत्या, आणि पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं नोकरीच्या अर्जात येता कामा नये. शिवाय कंपनीचा माणूस निकाल मोजत बसत नाही. घोडबंदर रोडवरच्या बिल्डरला महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) तक्रारी, विकसन करार, सोसायट्यांचं मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) सांभाळणारं कुणीतरी हवं असतं. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांसमोर अशी प्रकरणं चालवलेला वकील त्याच्या फार उपयोगाचा, आणि नेमकं तेच तुमच्या जुन्या बायोडेटात एका ओळीतही नव्हतं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्या करारांचे मसुदे आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा विचारतात. न्हावाशेवाच्या मालवाहतुकीत कस्टम्सचा अनुभव लागतो. कोर्टात तुम्ही यातलं बरंच केलेलं असतं, पण लिहिताना फक्त ‘सिव्हिल आणि क्रिमिनल’ लिहिता! बायोडेटा पुन्हा पुन्हा लिहून घेतला तो एवढ्यासाठी.

नोकरी लावून देण्याचं म्हणाल, तर तसा शब्द आम्ही कुणालाच देत नाही, आणि पहिल्या भेटीत सही घेतो त्या कागदावर हे ठळक लिहिलेलं आहे. कंपन्यांकडून आम्ही कमिशन घेत नाही. ते घेतलं असतं तर ‘लगेच रुजू व्हा’ असंच सांगावंसं वाटलं असतं.

अजून एक, हे वाचणाऱ्या ज्युनिअर मंडळींसाठी. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत आणली आहे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षात कंपनीत जायची घाई करू नका.

वकीलसाहेब, आमच्यासोबतच्या तुमच्या सल्ल्याच्या काही बैठका शिल्लक आहेत. नको असतील तर करारानुसार त्यांची फी परत मिळेल, ऑफिसला फक्त लेखी कळवा. आणि स्थगितीचा अर्ज अजून पाठवला नसेल तर रुजू होण्याआधी पाठवा. त्याचा मसुदा आमच्याकडे तयार आहे, त्यासाठी वेगळे पैसे लागणार नाहीत.