खुलासा : जुन्या खिडक्या आणि फ्लॅटची विक्री

‘जुन्या खिडक्या काढून नव्या स्लायडिंग खिडक्या बसवल्याशिवाय मुंबईत फ्लॅटची नोंदणी होत नाही आणि त्यावर केलेला खर्च किमतीत दुप्पट वसूल होतो,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

नोंदणी करणारे सरकारी अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, खिडक्या पाहत नाहीत. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारी दरपत्रकानुसार, येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर आकारले जाते, आणि त्या हिशेबात खिडकीच्या चौकटीला स्थान नाही. दुप्पट वसुलीची हमी तर कोणीच देऊ शकत नाही. पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या इमारतीत हा खर्च बहुधा पाण्यातच जातो.

मात्र पावसाचे पाणी आत येत असेल, तर दुरुस्ती टाळू नये, कारण खिडकीखालच्या भिंतीवरची ओल आणि फुगलेला रंग घेणाऱ्याच्या नजरेत सर्वांत आधी भरतो. सागवानी चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा : तो सहज रुतला तर लाकूड कुजले आहे, न रुतल्यास बिजागऱ्या, कडी-कोयंडे आणि पॉलिश यांवर भागते. स्लायडिंगमध्ये तर अनेकदा रुळातली पाणी जाण्याची भोके मातीने बुजलेली असतात, एवढेच. समुद्रालगतच्या लोखंडी खिडक्यांचा गंज मात्र नुसत्या रंगाने झाकू नये.

बाहेरून दिसणारा बदल करायचाच असेल, तर सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्यावी. वारसा यादीतील इमारतींसाठी महापालिकेचे नियम वेगळे आहेत.