गार्डनसमोरच्या फ्लॅटसाठी एक स्टार देणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण हात रागात चालत होता म्हणून सगळं पुसलं. सोमवारी तुमची फाईल काढली, मंगळवारी तुमच्या इमारतीत जाऊन आलो, आणि आज लिहितोय.

वाचणाऱ्या बाकीच्यांना माहीत असावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंनी या मे महिन्यात आमच्या दलालीच्या ऑफिसामार्फत उत्तर अंबाझरी रोडच्या पट्ट्यात, बगिच्यासमोरचा तीन बेडरूमचा जुना फ्लॅट १ कोटी ३८ लाखांना घेतला. दुसरा मजला. त्यांचं म्हणणं असं, की शांत म्हणून दाखवलेलं घर शांत नाही, १,४५० फूट सांगून १,०१० फूटच मिळालं, रजिस्ट्री सात आठवडे लटकली, आणि १,३८,००० रुपये दोनदा काढायला लावले. शिवाय जुलैच्या पावसात खाली पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि ते शिरतं हे आम्ही लपवलं. ‘गार्डनचं नाव घेऊन गळ्यात मारलं’ हे त्यांचं शेवटचं वाक्य. इमारतीचं नाव त्यांनी लिहिलं नाही, मीही लिहिणार नाही. तिथे आणखी अकरा कुटुंबं राहतात.

आधी पाण्याचं बोलतो, कारण तिथे चूक आमची आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरांत शिरली. माझी बहीण डागा लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. त्या दिवशी तिच्या भिजलेल्या गाद्या मी दोघांना हाताशी धरून ओढत बाहेर काढल्या. तांदळाच्या कोठीत चिखल, भाच्याच्या दप्तरात चिखल. तो वास दिवाळीपर्यंत गेला नव्हता. हे ज्यानं बघितलं, त्यानं त्या पट्ट्यातल्या कुठल्याही इमारतीत शिरताना आधी पार्किंगच्या भिंतींकडे बघायला पाहिजे. मी बघितलं नाही. फ्लॅट दाखवायला आमच्या ऑफिसमधला मुलगा आला होता. मी बयाण्याच्या दिवशी आलो आणि सरळ लिफ्टनं वर गेलो.

मंगळवारी खाली थांबून बघितलं. भिंतींना कमरेपर्यंत नवा ऑइलपेंट, त्याच्या वर जुना, पिवळा पडलेला रंग. मीटरच्या पेटीमागे ब्रश पोचलेला नाही, तिथे मातकट रेघ अजून तशीच आहे. माझ्या गुडघ्याच्या बोटभर वर येते. चौकीदाराला विचारलं, ‘पाणी कुठपर्यंत होतं?’ त्यानं काही न बोलता हात गुडघ्यावर नेला. पाच मिनिटांचं काम होतं ताई, आणि ते तुमचा चेक फाटायच्या आधी व्हायला पाहिजे होतं.

आम्ही लपवलं का? विक्रेत्यांना आमच्या मुलानं विचारलं होतं. ‘पाणी रस्त्यावर होतं, आत आलं नाही’ असं त्यांनी सांगितलं, आणि ते त्याच्या डायरीत तारखेसह लिहिलेलं आहे. पण तुम्हाला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. का, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘ताईंनी विचारलंच नाही.’ हे उत्तर मला फार लागलं. असं बोलायला तो माझ्याच ऑफिसात शिकलाय. घर घेणारा माणूस जन्मात एखाद-दोन वेळा घर घेतो, आम्ही रोज घरं बघतो. काय विचारायचं हे ठाऊक नसतं म्हणूनच तो दलाली देऊन आमच्याकडे येतो. त्यानं विचारलं नाही ही आमची सबब होऊ शकत नाही. ही चूक मी माझ्या नावावर घेतो, मुलाच्या नाही.

जुलैचं पाणी मात्र नदीचं नव्हतं, हे तुमच्याही उपयोगाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमची इमारत बांधली तेव्हा पार्किंग रस्त्यापेक्षा वर होतं. नंतर समोर सिमेंट रोड झाला, रस्ता उंच झाला आणि पार्किंग वीतभर खाली राहिलं. नागपुरात गल्लोगल्ली हेच झालंय. जोराचा पाऊस आला की रस्त्यावरचं चेंबर तुडुंब भरतं, आणि तुमच्या पार्किंगच्या जाळीतून जे पाणी बाहेर जायला पाहिजे ते उलटं आत येतं. म्हणून गेटला वाळूची पोती लावूनही उपयोग झाला नाही, पाणी गेटातून येतच नव्हतं. त्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आणि गेटपाशी रॅम्पचा उंचवटा, अशी दोन कामं आहेत. दुसऱ्या मजल्यावर तुम्हाला धोका नाही. धोका गाड्यांना, लिफ्टच्या खड्ड्याला आणि मीटरच्या पेटीला आहे.

आता शांततेचं. तुम्ही लिहिलंय, ‘पहाटे साडेपाचला स्पीकर, संध्याकाळी जत्रा, रविवारी आमच्याच गेटसमोर दुसऱ्यांच्या गाड्या.’ हे वाचून मी फाईलमधली भेटीची वेळ बघितली. १४ मे, दुपारी दोन. दुसरी भेट १९ मे, दुपारी अडीच. ताई, मे महिन्यात दुपारी दोनला नागपूरच्या बगिच्यात कोण असतं? झाडाखाली झोपलेला एखादा माळी. बाकी सगळं शहर कूलरसमोर. तुम्ही हॉलच्या खिडकीत बराच वेळ उभ्या होता, ‘किती निवांत आहे’ म्हणालात, आणि आमचा मुलगा ‘हो ताई, गार्डन फेसिंग आहे ना’ म्हणाला. तो खोटं बोलला नाही. पण बगिचा जेव्हा बगिचा असतो, ती वेळ तुम्हाला कोणी दाखवलीच नाही. विक्रेत्यांना दुपारची वेळ सोयीची होती, आम्ही ती घेऊन मोकळे झालो.

संध्याकाळच्या मुलांच्या आवाजावर माझ्याकडे उपाय नाही, आणि खरं सांगायचं तर तो असूही नये. घसरगुंडीवर पोरं ओरडणारच. पण साडेपाचचा स्पीकर नियमात बसत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पहाटे स्पीकर लावणाऱ्या ग्रुपमधली मंडळी बहुतेक सत्तरीची आहेत, मी त्यांच्यातल्या दोघांना ओळखतो. आधी जाऊन हात जोडून बोलू. नाही ऐकलं तर लेखी तक्रार, अर्जावर तुमच्याबरोबर माझीही सही असेल.

बगिच्याच्या जागेवर ‘उद्या काहीतरी कमर्शियल येणार’ असं तुम्हाला शेजारी कोणी सांगितलं, म्हणून तुम्ही काळजीत आहात. व्यवहाराआधी विकास आराखडा मी स्वतः बघितला होता. जागेवर उद्यान असंच दाखवलेलं आहे. ते बदलायचं तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात, गुपचूप होत नाही. बगिच्यासमोरच्या घराला लोक जास्त भाव देतात तो याच्यासाठी, की खिडकीसमोर दुसरी इमारत उभी राहत नाही. त्या भावाचं मोल तुमच्या घरात आजही आहे असं मी मानतो.

फुटांच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. १,४५० हा सुपर बिल्टअप आकडा, त्यात जिना, लिफ्ट, भिंती, गच्चीचा वाटा सगळं येतं. १,०१० म्हणजे चटई क्षेत्र, घरात सतरंजी पसरता येईल एवढी जागा. रेरा कायदा आल्यापासून नवीन नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डरला चटई क्षेत्रच सांगावं लागतं. जुन्या फ्लॅटच्या कागदांवर मात्र जुनेच आकडे फिरतात. तुम्हाला दिलेल्या पत्रकावर दोन्ही आकडे आहेत आणि खाली तुमची सही आहे, म्हणून फसवलं हा शब्द मी मान्य करत नाही. पण जाहिरातीत १,४५० ठसठशीत आणि १,०१० बारीक होता, हेही खरं. ती जाहिरात सोमवारीच काढली. यापुढे आमच्या कुठल्याही जाहिरातीत चटई क्षेत्राशिवाय दुसरा आकडा दिसणार नाही.

१,३८,००० दोनदा घेतले, हा आरोप मात्र चुकीचा आहे आणि इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. घराची किंमत १ कोटी ३८ लाख, त्यामुळे त्याचा एक टक्का कुठेही काढला तरी तोच आकडा येतो. एक १,३८,००० ही आमची दलाली, त्याची जीएसटीसह पावती तुमच्याकडे आहे. दुसरे १,३८,००० टीडीएसचे. पन्नास लाख किंवा त्यावरचं घर घेताना घेणाऱ्यानं विक्रेत्याच्या पैशातून एक टक्का कापून सरकारात भरायचा असतो. तुम्ही विक्रेत्यांना १,३६,६२,००० दिले आणि उरलेले सरकारला, तुमच्या खिशातून जास्तीचा रुपया गेलेला नाही. हाच आकडा तिसऱ्यांदाही आला होता, तो तुम्ही लिहिला नाही. घर फक्त तुमच्या नावावर घ्या असं मी सुचवलं होतं, कारण एकट्या स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेवढे तुमचे वाचले.

रजिस्ट्री सात आठवडे थांबली, कारण जागा नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरची आहे. आपल्याकडे धरमपेठ, रामदासपेठ भागात अशा पुष्कळ जागा आहेत. तीस वर्षांची लीज, तिचं नूतनीकरण, भूभाड्याच्या पावत्या आणि विक्रीसाठी ना-हरकत, एवढं जुळल्याशिवाय वकील पुढे जाऊ देत नाहीत. विक्रेत्यांकडे पावत्या नव्हत्या, थकबाकीही निघाली. त्या दिवसांत ते २५ लाख बयाणा मागत होते. कागद हातात येईपर्यंत दोन लाखांच्या वर देऊ नका, हे मीच तुम्हाला तीनदा फोन करून सांगितलं. तुम्हाला दोन महिन्यांचं भाडं जास्त पडलं, मुलाच्या शाळेच्या बसची घालमेल झाली, याचं मला वाईट वाटतं. पण उद्या पुन्हा असा व्यवहार आला तर मी पुन्हा थांबवीन. लीजचे कागद अर्धवट ठेवून घेतलेलं घर विकायला निघालं की माणूस रडकुंडीला येतो, अशी दोन घरं सध्या माझ्याकडे पडून आहेत.

तुम्ही महारेराकडे जाणार असं लिहिलंय. जाऊ नका असं म्हणत नाही, पण तिथे तुमचे दिवस जातील. महारेराचा मुख्य विषय बिल्डरचे नोंदणीकृत प्रकल्प, तुमचा फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. आमच्या सेवेत त्रुटी होती, ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते, दोन वर्षांच्या आत. पाण्याविषयी मी वर जे कबूल केलंय ते तिथेही बदलणार नाही, आणि डायरीचं ते पान मागाल तेव्हा मिळेल.

बगिच्यासमोर म्हणून मोजलेले आठ लाख परत द्या, ही तुमची मागणी मला पुरी करता येणार नाही. तो भाव विक्रेत्यांनी घेतला, माझ्याकडे आला नाही. माझ्याकडे दलाली आली. तिच्यातले अर्धे, ६९,००० रुपये, मी परत करतो. त्याच्यासाठी रिव्ह्यू काढायची किंवा स्टार वाढवायची गरज नाही, तो तसाच राहू द्या. सोमवारपासून ऑफिसात दोन गोष्टी बदलल्या आहेत. कुठलंही घर आता दोन वेळा दाखवायचं, त्यातली एक भेट संध्याकाळी सातनंतरची किंवा रविवारची. आणि २०२३ च्या पाण्याबद्दल विक्रेत्याचं उत्तर त्याच्या सहीनं लिहून घ्यायचं, त्याची प्रत बयाण्याआधी घेणाऱ्याच्या हातात द्यायची.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी प्लंबरला घेऊन तुमच्या पार्किंगमध्ये येतोय. व्हॉल्व्हचा आणि रॅम्पचा खर्च तो लेखी देईल, म्हणजे तुम्हाला रविवारच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो मांडता येईल. चेक बरोबर आणतो. घरच्यांनाही खाली बोलवा, मीटरच्या पेटीमागची रेघ त्यांनाही दाखवायची आहे.