ऋण काढून बंदर

अभिनंदन! आपण निवडून आलात. तिजोरी रिकामी आहे, पण ती आधीच्यांनी केली, तेव्हा तिची चिंता नको. चिंता जाहीरनाम्याची आहे. त्यात आपण रेल्वे, बंदर, विमानतळ आणि महामार्ग असे चारही शब्द भरसभेत उच्चारून बसला आहात.

जागतिक बँकेकडे गेलात तर ते पर्यावरणाचा अहवाल मागतील, विस्थापितांची यादी मागतील, एक शिष्टमंडळ येईल, ते गेले की दुसरे येईल, आणि लोकार्पणाच्या दिवशी आपण माजी म्हणून तिसऱ्या रांगेत बसलेले असाल. बीजिंगला हे असले पाल्हाळ नाही. कर्ज त्यांचे, कंत्राटदार त्यांचा, यंत्रे त्यांची. आपण फक्त सही न्यायची.

जागा निवडताना व्यवहार्यता अहवालाच्या नादी लागू नका. युरोपातल्या माँटेनेग्रो या देशाच्या महामार्गाला पुरेशी वाहतूक मिळणार नाही, असे अभ्यास आधीच सांगत होते. सरकारने ते बाजूला ठेवले आणि २०१४ मध्ये चीनच्या एक्झिम या सरकारी बँकेकडून ९४.४ कोटी डॉलरचे कर्ज घेतले. २०२२ मध्ये ४१ किलोमीटर रस्ता खुला झाला. उरलेल्या रस्त्याचे काय, असे विचारणारा माणूस विकासविरोधी समजावा.

सर्वांत उत्तम जागा म्हणजे आपला स्वतःचा मतदारसंघ. श्रीलंकेत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांनी आपल्या हंबनटोटा जिल्ह्यात बंदर बांधले, आणि बंदराला एकटे वाटू नये म्हणून जवळच मत्तला येथे विमानतळही. तो २०१३ मध्ये सुरू झाला. विमाने येईनात, तेव्हा त्याच्या मालगोदामात भात साठवला गेला. हत्ती मात्र नियमित येत.

हंबनटोटाविषयी थोडे सविस्तर बोलू, कारण तुमच्या पुढच्या कारकिर्दीचा सगळा बचाव या एका गावावर उभा राहणार आहे. जगभर अशी कथा प्रसिद्ध आहे की, श्रीलंकेला कर्ज फेडता आले नाही म्हणून चीनने बंदर जप्त केले. तसे काही घडले नाही. २०१७ मध्ये राजपक्षे यांच्यानंतरच्या सरकारने ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी कंपनीला दिले आणि १.१२ अब्ज डॉलर घेतले. त्या पैशातून बंदराचे कर्जही फिटले नाही. पैसे गेले परकीय चलनाच्या गंगाजळीत, कारण देणी इतर अनेकांची होती. २०२२ मध्ये देशाने हात वर केले, तेव्हा परकीय कर्जातला सर्वांत मोठा वाटा खुल्या बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा होता. ते रोखे घेणारे सूटबूटवाले बीजिंगमध्ये राहत नव्हते.

पण हे सगळे तुम्ही जाहीर सभेत कशाला सांगाल? ‘आम्हाला सापळ्यात अडकवले’ हे वाक्य इतके सोयीचे आहे की, ते शोधून काढणाऱ्याचे आभारच मानायला हवेत. त्यात सापळ्याकडे स्वतःच्या पायांनी, बँड लावून चालत गेलेला माणूस दिसतच नाही.

आता करारातले खरे मर्म. ते म्हणजे गोपनीयतेचे कलम. आपल्याला वाटेल की हे कलम सावकाराच्या हिताचे. असेलही, पण खरा लाभ आपला. २०२१ मध्ये अभ्यासकांनी २४ देशांबरोबरचे १०० चिनी कर्जकरार तपासले. गुप्तता पाळण्याच्या अटी त्यांत वारंवार आढळल्या. परतफेडीसाठी वेगळे खाते राखण्याच्या अटी होत्या, आणि पुढे कर्जाची फेररचना करायची झाली तर हे कर्ज इतर सावकारांच्या सामूहिक वाटाघाटीबाहेर ठेवण्याच्याही. खासदाराने व्याजदर विचारला की दुःखी चेहऱ्याने म्हणायचे, ‘सांगितले असते हो, पण शब्द दिलाय.’

केनियाने हे छान जमवले. मोम्बासा ते नैरोबी रेल्वे मे २०१७ च्या अखेरीस धावली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक होती. याला म्हणतात वेळापत्रक पाळणे. रेल्वे पुढे युगांडाच्या सीमेपर्यंत जाणार होती. ती नैवाशाजवळ थांबली, कारण पुढचे पैसे आले नाहीत. मालगाड्यांना माल मिळेना, तेव्हा बंदरातले कंटेनर रेल्वेनेच न्यावेत असा फतवा निघाला. करारातले काही कागद २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांना दिसले, तेही सरकार बदलल्यावर. वाद झाला तर निवाडा बीजिंगमध्ये, असे त्यांत लिहिले होते. तोवर सही करणारे निवृत्त झाले होते. इतके नेमके नियोजन रुळांचेही नव्हते.

परराष्ट्र धोरण हेही उत्पन्नाचे साधन आहे. तैवानला मान्यता द्यायची की चीनला, हा प्रश्न तत्त्वाचा समजू नका. नाऊरू या चिमुकल्या बेटाने २००२ मध्ये चीनची बाजू घेतली, २००५ मध्ये तैवानकडे परतले आणि २०२४ मध्ये पुन्हा चीनकडे गेले. एवढी तत्त्वनिष्ठा मोठ्या देशांना परवडत नाही.

भेट मिळालेल्या इमारतीला मात्र नाही म्हणू नये. आफ्रिकी संघाचे अदिस अबाबातले मुख्यालय चीनने २०१२ मध्ये भेट दिले. तिथल्या संगणकांतली माहिती रोज मध्यरात्री शांघायला जात होती, अशी बातमी २०१८ मध्ये एका फ्रेंच दैनिकाने दिली. चीनने इन्कार केला, संघानेही केला. यजमान आणि पाहुणा यांचे इतके एकमत विरळाच.

काही देश मात्र वाईट उदाहरण घालून देतात. त्यांच्यापासून अधिकाऱ्यांना दूर ठेवा. मलेशियात पंतप्रधान महाथीर यांनी नव्वदी ओलांडल्यावर चिनी कर्जाच्या रेल्वेचे काम थांबवले, बीजिंगला जाऊन नव्या वसाहतवादाविषयी तोंडावर बोलले आणि ६५.५ अब्ज रिंगिटचा प्रकल्प ४४ अब्जांवर आणला. चीन रागावून निघून गेला नाही. म्यानमारने क्यॉकप्यू बंदर सुमारे ७.३ अब्ज डॉलरवरून १.३ अब्जांवर उतरवले. बांगलादेशने तर कहर केला. पद्मा पूल बांधायला कंत्राटदार चिनी घेतला आणि पैसे स्वतःचे लावले! अशाने कंत्राटदाराला फक्त कंत्राटदार म्हणून वागवायची खोड लागते. मग तो किंमत कमी करतो, लोक आकडे विचारू लागतात, आणि आपल्याला उत्तरे शोधावी लागतात.

शेवटी हप्ते थकतीलच. त्याआधी एक काळजी घ्या: कर्ज एकाकडून घेऊ नका. थोडे चीनकडून, थोडे रोख्यांतून, थोडे मिळेल तिथून. झांबियाने २०२० मध्ये हप्ता चुकवला आणि सरकारी सावकारांशी तोडगा निघाला २०२३ मध्ये. प्रत्येक सावकाराला भीती ही की, आपण सूट द्यायची आणि ती दुसऱ्याच्या खिशात जायची. एवढ्या अवधीत एक निवडणूक आरामात होते. झांबियात झालीही. तत्कालीन अध्यक्ष ती हरले, पण तुम्ही त्यांच्याइतके दुर्दैवी असालच असे नाही.