चिवड्याचं वजन

दिवाळीचा फराळ करून ऑनलाइन विकायचा, असं ठरवलं तेव्हा भीती वाटली ती चकली मऊ पडण्याची आणि लाडू बसण्याची. दोन्ही झकास जमले. घात केला तो एका चौकोनाने. विक्रीच्या पानावर सगळी माहिती भरून झाल्यावर शेवटी तो भेटला: 'शिपिंग चार्ज किती?'

मी शंभर लिहिले. शंभर कसा सभ्य आकडा. पहिली ऑर्डर गुवाहाटीहून आली, दुसरी इंफाळहून. शंभर रुपयांत डोंबिवलीचा चिवडा घरपोच मिळतो ही बातमी तिकडे कोणी फोडली कोण जाणे. ठाण्याहून मात्र एकही ऑर्डर नाही. ठाणेकरांना शंभर जास्त वाटत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं.

पहिला बॉक्स घेऊन कुरिअरच्या दुकानात गेले. "ताई, पिनकोड?" आता पिनकोड म्हणजे आपल्या घरचं कार्य. काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, टपाल खात्यात राहून संस्कृत काव्य करणाऱ्या मराठी माणसाने. १५ ऑगस्ट १९७२ पासून अख्खा देश सहा आकड्यांत बसला. आमचा ४२१२०१, गुवाहाटीचा ७८१ने सुरू होणारा. सातातून चार गेले तर तीन उरतात, असं मी शाळेत शिकले होते. काउंटरवर साडेतीनशे उरले.

पण खरी गंमत पुढेच होती. बॉक्स काट्यावर ठेवला: एक किलो दोनशे ग्रॅम. मी पर्स उघडली, तर त्या मुलाने टेप काढला. शिंप्याकडे असतो तसला.

"पंचवीस, वीस, वीस. गुणायचं आणि पाच हजाराने भागायचं. दोन किलो."

"अरे, काटा तर एक-दोनशे दाखवतोय!"

"ते खरं वजन, ताई. हे व्हॉल्युमेट्रिक. गाडीत जागा किती अडते ते. दोन्हींतलं जास्त असेल ते धरायचं."

म्हणजे आठशे ग्रॅम हवा. मी निवडलेली नाही, भाजलेली नाही, तिला फोडणी दिलेली नाही, आणि तिचं भाडं मी भरायचं. एवढ्यात तो म्हणाला, "थांबा, वरून फुगलाय." टेप पोटावरून फिरला. वीसचे एकवीस झाले. दोन पॉइंट एक. भाडं अर्ध्या किलोच्या पायऱ्यांनी चढतं, म्हणजे थेट अडीच. सेंटीमीटरभर सुटलेल्या पोटापायी अर्धा किलो! (पोटाबद्दल मी फार बोलू नये, पण माझ्या पोटाचे पैसे रिक्षावाला तरी वेगळे घेत नाही.) मी दोन्ही तळव्यांनी बॉक्स दाबला. आतून कुर्रर्र असा आवाज आला. पातळ पोहे होते ते.

"दाबूनच भर की," सासूबाई म्हणाल्या. पुढचा बॉक्स दाबून भरला. चार दिवसांनी बंगळुरूच्या गिऱ्हाईकाचा मेसेज आला: 'भाजणी छान आहे, पण मी चिवडा मागवला होता.'

बेसनाच्या लाडवांचं तसं नाही. लाडू प्रामाणिक. जेवढा दिसतो तेवढाच भरतो, काटा आणि टेप यांच्यात भांडण लावत नाही. दिवाळी संपेपर्यंत कोणी चिवडा मागितला की मी लाडवांची शिफारस करू लागले.

शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. चौकोनात शून्य टाक, चारशेचा चिवडा साडेसहाशेला लाव, आणि वर मोठ्या अक्षरांत लिही: 'फ्री शिपिंग'. मला लाज वाटत होती. पण ऑर्डरी धडाधड यायला लागल्या, त्याही ठाण्याहून! किंमत कोणी विचारलीसुद्धा नाही.

विचारली फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या जिना चढून वर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता.

"काय गं, मोबाइलवर साडेसहाशे दाखवतंय. मी चिवडा स्वतः न्यायला आले. आमच्या मजल्यापर्यंतचं भाडं अडीचशे कसं?"

मी डबा हातात घेतला. घेर चांगलाच मोठा होता, झाकणही वर फुगलेलं. आणि माझा हात आपोआप खणातल्या टेपकडे गेला.