असू दे बरोबर

आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. वारीबरोबर एवढ्या वाटेवर चालत एकट्याने डॉक्युमेंटरी करायची ठरली की सगळ्यात आधी वजनकाटा लागतो, कॅमेरा नंतर. जाहिरातीत मेगापिक्सेल ठळक आणि ग्रॅम बारीक अक्षरांत का छापतात, ते दिवे घाटात कळतं.

कॅमेऱ्याची बॉडी आणि २४-१०५ एमएमची झूम लेन्स मिळून सव्वा ते दीड किलो. इथवर यादी शहाण्या माणसाची असते. मग 'असू दे बरोबर' हे कलम सुरू होतं. फ्लुइड हेडचा (कॅमेरा संथ वळवणाऱ्या डोक्याचा) ट्रायपॉड, चार किलो, असू दे. जिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारा दांडा), दीड किलो, असू दे. एलईडी लाइट, त्याचा स्टँड, स्टँड उडू नये म्हणून वाळूची रिकामी पिशवी. (वाळू तिथे मिळेल.) काटा अकरा किलोवर जातो. शेजारून डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या सत्तरीच्या मावशी विचारणारच, "माउली, पंढरपुरात दुकान टाकताय का?"

माझा हिशेब सरळ आहे: अंगावर पाण्यासकट सात किलो, वर एक ग्रॅम नाही. ट्रायपॉडऐवजी एकाच पायाचा मोनोपॉड. त्या गर्दीत तीन पाय रोवायला जागाच नसते; रोवलेच तर एखादी दिंडी त्यांना वळसा घालेल आणि एखादी घालणार नाही.

दिंडीत पैसे भरून नाव घातलं की सामान ट्रकमध्ये जातं. इथे नवखा माणूस हमखास फसतो. ट्रक सकाळी निघून पुढच्या मुक्कामी जातो, म्हणजे त्यातली बॅग संध्याकाळपर्यंत परदेशात. म्हणून आदल्या रात्रीच वाटणी करायची: लॅपटॉप, चार्जर, एक हार्ड डिस्क ट्रकमध्ये, बॅटऱ्या, कार्डं, माईक आणि दुसरी डिस्क अंगावर. दोन्ही डिस्का एकाच बॅगेत ठेवणं याला बॅकअप म्हणत नाहीत. एकाच चोराला दोन वस्तू देणं म्हणतात.

फोरके, १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. दुकानदार त्यासाठी व्ही-९० कार्ड गळ्यात मारू पाहतो. व्ही-३० पुरतं: व्ही-३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं कार्ड, आणि १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइटमध्ये आठपट फरक आहे. बरीच दुकानं त्या फरकावर चालतात. रोज दोन तास धरले तर ९० जीबी, १८ दिवसांचे १,६२० जीबी. दोन टीबीच्या दोन डिस्का पुरतात. दोन्हीकडे कॉपी होऊन दोन-चार फाइली उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, डोळे कितीही मिटत असले तरी.

बॅटऱ्या चार, चिकटपट्टीवर नंबर घालून. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ७४ वॉट-अवर असतात, कॅमेऱ्याच्या बॅटरीत साधारण १६. कागदावर साडेचार वेळा चार्जिंग होतं, प्रत्यक्षात तीन वेळा. उरलेलं उष्णता होऊन खिसा गरम करतं. मुक्कामी प्लग एक आणि मोबाइल चाळीस, त्यामुळे सहा सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड न्यावा. वजन अर्धा किलो, पण तो नेणाऱ्याला तंबूत मान मिळतो आणि सकाळी मुलाखतीला कोणी नाही म्हणत नाही. हा एकच 'असू दे' मी मान्य केलाय.

आता आवाज. चित्र जरा हललं तर 'शैली' म्हणून खपतं. आवाज फाटला तर काहीच खपत नाही. पन्नास टाळ आणि दोन मृदंग एकदम वाजले की कॅमेऱ्यातला ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारा) घाबरतो. टाळ पडला की सगळा आवाज खाली, टाळ थांबला की हळूहळू वर. तेवढ्यात शेजारच्या बुवांनी जे एकच वाक्य मनापासून सांगितलं ते त्या खड्ड्यात जातं. म्हणून ऑटो गेन बंद. बोलणं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि राखीव म्हणून दुसऱ्या ट्रॅकवर तेच आणखी बारा डेसिबल खाली. '३२-बिट फ्लोट (मोठा आवाजही न फाटता नोंदवणारं रेकॉर्डिंग) घेतला की चिंता मिटली' असं सांगणारे भेटतात. रेकॉर्डर वाचतो हे खरं, पण टाळाच्या पुढ्यात धरलेल्या माईकच्या कॅप्सूलमध्येच (आवाज पकडणाऱ्या भागात) आवाज फाटला तर बिट काय करतील? चार पावलं मागे सरका. त्याला भाडं पडत नाही.

कॉलर माईकची दुसरीच तऱ्हा. स्वस्तातले वायरलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि गर्दीतल्या फोनांचं वायफाय-ब्लूटूथही तिथेच. घरी हॉलमध्ये छान चालणारा माईक इथे मध्येच एखादा शब्द गिळतो. म्हणून बोलणाऱ्याच्या अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा घ्यावा. वाऱ्यासाठी माईकवर केसाळ टोपी हवीच. ती भिजली की मात्र ओल्या मांजरासारखी दिसते आणि तितकीच उपयोगी पडते, म्हणून दोन.

पावसाला तयार रेनकव्हर मिळतं, महाग. पारदर्शक शॉवर कॅप बॉडीवर आणि लेन्सच्या हुडभोवती रबरबँड, एवढ्याने बऱ्यापैकी भागतं. मायक्रोफायबरचं कापड एकदा ओलं झालं की काच पुसत नाही, सारवतं. जुन्या सुती पंचाचे चार तुकडे बरे. ओल शोषणारं सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर परत कोरडं करता येतं; त्याऐवजी ठेवलेले डब्यातले तांदूळ तांदूळच राहतात.

शटर १/५०, आयएसओ ८०० वर लॉग (रंग नंतर भरायचं फिकं चित्रण) लावलात आणि नेमकं ऊन पडलं, तर लेन्सचं भोक एफ ४ ला उघडं असताना आठ स्टॉप कापावे लागतात, म्हणजे आठ वेळा प्रकाश निम्मा करायचा. व्हेरिएबल एनडी (लेन्सवर फिरवून गडद करायची काच) पाचपर्यंत नीट जातो, पुढे आभाळात काळी फुली उमटते. उरलेल्या तिनांसाठी मुकाट्याने भोक लहान, एफ ११ करा.

रिंगणात लेन्स बदलायची नाही. स्वाराचा अश्व आणि माउलींचा अश्व डोळ्यांदेखत फेरी मारून जातात, तुमच्या हातात मागचं झाकण. स्लो मोशनला सेकंदाला १०० फ्रेम लावल्या तर शटर १/२०० आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज गायब, हेही आदल्या रात्रीच तपासायचं.

राहिलं बजेट. एकट्याच्या युनिटमध्ये कॅमेरामन मागतो, निर्माता नाही म्हणतो आणि हमाल दोघांचं ओझं वाहतो. गोडी लागते ती ८५ एमएमच्या लेन्सची, चेहऱ्यांसाठी. दिवसाला ८०० रुपये भाडं धरा: १८ दिवसांचे १४,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १६,९९२. डिपॉझिट वेगळं. खर्च आवाक्यात बसवायला एक ओळ खोडावी लागते, आणि हमाल बैठकीला नसल्यामुळे 'चांगले बूट, २,८००' ही ओळ जाते. जुने चालतील, असू दे.

पुढे पावती बनवताना भाड्याचे दिवस मोजले जातात. लेन्स एक दिवस आधी आणून तपासायची असते. एकादशीला पंढरपुरातून लगेच एसटी मिळत नाही, परतीचा दिवस जातो आणि दुकान उघडण्याचा आणखी एक. १८ नव्हे, २१. म्हणजे १९,८२४.

फरक २,८३२ रुपये. बूट आले असते, वर बत्तीस रुपयांची चिकटपट्टी.