नोटा छापणाऱ्या गावात क्रिप्टोचा वाद

नाशिकरोडच्या आमच्या कट्ट्यावर परवा क्रिप्टोवरून जुंपली, ती आमच्यातल्या धाकट्याच्या हिशेबावरून. एकाच वर्षात एका कॉइनमध्ये एक लाखाचा नफा, दुसऱ्यात तेवढाच तोटा, हाती शून्य. तरीही सीएने उपकरासह ३१,२०० रुपये कर काढला होता. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करायला मनाई केली, त्याचे हे फळ.

करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांना त्याची दया आली नाही. "इथे १९२८ पासून नोटा छापतात आणि कागदाच्या एकेका तावाचा हिशेब ठेवतात. ज्यामागे सरकार उभे नाही, त्याला पैसा कसे म्हणायचे? सरळ बंदी घाला."

"बंदीचा प्रयोग झालाय, काका," वकील म्हणाला. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. मात्र बँकांचे प्रत्यक्ष नुकसान दाखवता न आल्याने सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. मार्च २०२३ पासून एक्स्चेंज, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणारे बाजार, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, म्हणजे चोर पकडायची सोय झाली. पण एक्स्चेंज बुडाले तर ग्राहकाने कुठे जायचे, हे तो कायदा सांगत नाही.

मला स्वतःला कराच्या दरापेक्षा एक टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच आगाऊ कापला जाणारा कर, जास्त घातक वाटतो, कारण तो नफ्यावर नसून विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापला जातो. पन्नास हजार दहा वेळा फिरवले, तर भाव जागचा न हलताही सुमारे पावणेपाच हजार रुपये प्राप्तिकराचा परतावा मिळेपर्यंत अडकतात. मग गिऱ्हाईक परदेशी एक्स्चेंजकडे वळते. अशा नऊ एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला नोटिसा काढाव्या लागल्या.

काकांचा एक मुद्दा मात्र कोणालाच खोडता आला नाही. उद्या लोकांनी बचत डॉलरशी बांधलेल्या कॉइनमध्ये ठेवली, तर रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवून किंवा घटवून परिणाम कोणावर होणार?

वकील तोवर धाकट्याच्या मोबाइलवर फॉर्म २६एएस, म्हणजे नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडून बसला होता. कापलेला टीडीएस तिथे दिसला, तर तेवढी रक्कम ३१,२०० मधून वजा होणार होती.